शाळेच्या फाटकाबाहेर

जून उजाडला की आमच्या शाळेच्या कार्यालयात दाखले नेणाऱ्यांची रीघ लागते. कोपऱ्यात ओल्या छत्र्यांचा ढीग, फरशीवर चिखलाचे पाय आणि जनरल रजिस्टर उघडलं की येणारा जुन्या कागदाचा तो कुबट वास. यंदा अशाच एका सकाळी एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा माझ्याच वर्गातला, बारावी सायन्सला ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेलेला. कारकुनानं सवयीनं दाखला भरला. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात त्यानं ‘पुढील शिक्षणासाठी’ असं लिहिलं, कारण सगळ्यांच्याच दाखल्यावर तेच लिहितात. वडील म्हणाले, “सर, जरा लवकर शिक्का मारून द्या, पासपोर्टच्या फॉर्मला जोडायचाय.” सौदीतल्या दम्मामला मामू आहे, त्याच्या ओळखीनं एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये जागा आहे, व्हिसाचं बोलणं झालंय. मी मुलाला व्हरांड्यात घेतलं आणि विचारलं, याबद्दल कुणाशी बोललास का? तो गोंधळला. म्हणाला, “कुणाशी बोलणार, सर?” आवाजात तक्रार नव्हती. त्याला खरंच तो प्रश्न पडला होता.

गल्फला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. माझी बी.एड.ची फी कुवेतहून आलेल्या ड्राफ्टवर भरली गेली आहे. कोकणातल्या खाडीकाठच्या आमच्या मोहल्ल्यांत जी पक्की घरं दिसतात, मशिदीचा नवा मजला दिसतो, शाळेच्या दोन खोल्या दिसतात, ते सगळं वाळवंटात घाम गाळून आलेलं आहे. त्यामुळे मुलगा चालला म्हणून मला काही वाटलं नाही. मला खुपलं ते निराळंच. जेमतेम महिन्यापूर्वी याच मुलाचा जमातीच्या, म्हणजे आमच्या मुस्लिम बिरादरीच्या, गुणगौरव समारंभात सत्कार झाला होता. शाल, ट्रॉफी, पाकीट, व्यासपीठामागे ताणून बांधलेला बॅनर, त्यावर पाहुण्यांचे फोटो मुलांच्या फोटोंपेक्षा मोठे. तीन भाषणं झाली, तिन्हींत शिक्षणाचं महत्त्व. मग खुर्च्या घडी करून टेम्पोत चढल्या, बिर्याणीची पातेली धुऊन झाली, आणि त्यानंतर त्या मुलाला एकाही माणसानं विचारलं नाही की बाबा, पुढे तुझ्या मनात काय आहे.

त्या रात्री मला कोलंबो आठवलं.

मागे धाकटा भाऊ तिथं नोकरीला होता तेव्हा सुट्टीत त्याच्याकडे राहून आलो. तो सकाळी कामावर गेला की मी लोकलनं फिरायचो. मरदाना स्टेशनवर उतरलं की दादर आठवावं अशी रेटारेटी, वाफाळत्या भाताचा आणि करीपत्त्याच्या फोडणीचा वास, आणि तीन लिप्यांतल्या पाट्या. तिथून थोडं चालत गेलं की ओराबी पाशा स्ट्रीट लागते. नाव वाचून थबकलो. इजिप्तमध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेला हा सेनानी. त्याला इंग्रजांनी हद्दपार करून १८८३ साली सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, आणून ठेवलं. परक्या बेटावर अडकून पडलेल्या या माणसानं तिथल्या मुसलमानांना एकच भुणभुण लावली: मुलांना नवं शिक्षण द्या. मिशनऱ्यांच्या शाळेत पोरगं गेलं तर धर्म जाईल या भीतीनं तिथलं समाजमन कुलूप लावून बसलं होतं. आपल्या कोकणातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी याहून वेगळ्या नाहीत. सिद्दी लेब्बे नावाचे कँडीचे वकील आणि कोलंबोचं संग्रहालय बांधणारे कंत्राटदार वापिची मरिकार यांनी ते मनावर घेतलं, आणि १८९२ साली मरदानाच्या मशिदीच्या आवारात शाळा उभी राहिली. तीच आजची झाहिरा कॉलेज. बदरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम काढली १८७४ साली. व्हीटीसमोरची तिची ती दिमाखदार इमारत पाहत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला झाहिराच्या फाटकाशी परकं वाटत नाही.

तिथल्याच एका निवृत्त शिक्षकांशी ओळख झाली. त्यांनी घरी नेऊन वटलप्पम खायला घातलं. गूळ, नारळाचं दूध, अंडी, वर जायफळ आणि वेलची. पहिल्याच घासाला मला ईदच्या दिवशीचं आमचं माजघर आठवलं. बोलता बोलता ते एका नावाकडे पुन्हा पुन्हा वळत होते, ए. एम. ए. अझीझ. झाहिराचे प्राचार्य, आणि अखिल सिलोन वायएमएमए कॉन्फरन्सचे संस्थापक. यंग मेन्स मुस्लिम असोसिएशन, देशभरातल्या मुस्लिम तरुणांच्या मंडळांची ती मध्यवर्ती संस्था. खरं सांगायचं तर हे नाव मी तोवर ऐकलेलंही नव्हतं. भारतात आपण शेजारच्या देशांकडे क्रिकेट आणि बातम्या यांपलीकडे पाहतच नाही, आणि लंकेच्या मुसलमानांविषयी तर आपल्या मराठीत ओळही सापडणं कठीण. त्यानंतर जे मिळेल ते वाचत गेलो, आणि हा माणूस मनात रुतून बसला.

जन्म १९११ चा, जाफना शहरातल्या वण्णारपण्णैचा. म्हणजे लंकेच्या पार उत्तर टोकाला, तमिळ हिंदूंच्या गजबजाटातल्या छोट्याशा मुस्लिम वस्तीतला. शाळा कोणती, तर जाफना हिंदू कॉलेज. घरची भाषा तमिळ. कोलंबोत इतिहास घेऊन पदवी केली, पुढच्या अभ्यासासाठी केंब्रिजला गेले, आणि १९३५ साली सिलोन सिव्हिल सर्व्हिसमध्ये निवड झाली. आपल्याकडच्या आयसीएसचा जो दरारा, तोच तिथं या नोकरीचा. तिच्यात शिरलेले ते पहिले मुसलमान. लोकसंख्येत दहा टक्क्यांच्याही आत असलेल्या, बहुतेक व्यापारात नाहीतर शेतीत गुंतलेल्या समाजाला त्या दिवशी काय वाटलं असेल याची कल्पना मला करता येते. आमच्या तालुक्यातला एक मुलगा नायब तहसीलदार झाला तेव्हा मोहल्ल्यात पेढे वाटले होते.

पण अझीझ यांच्या आयुष्याचा सांधा बदलला तो कचेरीच्या गादीवर नव्हे. १९४२ साली जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि रंगूनचा तांदूळ बंद झाला. माझी दादी लढाईतल्या त्या दिवसांविषयी सांगायची, रेशनच्या रांगा, पेजेत मोजून टाकलेले दाणे. कोकणात जी ओढाताण होती तीच सिलोनमध्ये, कारण दोन्हीकडचा भात रंगूनहून यायचा. सरकारनं अझीझ यांना पूर्व किनाऱ्यावर कल्मुनैला पाठवलं, जंगल साफ करून भाताखाली जमीन आणा म्हणून. तिथं त्यांना आपल्या समाजाचं दुसरं तोंड दिसलं. कोलंबोचे रत्नांचे आणि कापडाचे व्यापारी त्यांना माहीत होते. इथं गुडघाभर चिखलातले शेतकरी होते, कोळी होते, आणि त्यांच्या मुलांना शाळेपर्यंत जायची वाटच नव्हती. याच मुलखात कारैतिवूचे स्वामी विपुलानंद, रामकृष्ण मिशनचे संन्यासी आणि तमिळचे मोठे पंडित, त्यांचे स्नेही झाले. एक सरकारी अधिकारी, टोपी काढून बसलेला, आणि समोर भगव्या वस्त्रातला अभ्यासक, दोघं शाळांविषयी बोलताहेत, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे नेहमी येतं. ते कोणत्या ओसरीवर बसत असतील कुणास ठाऊक.

कल्मुनैहून परतल्यावर १९४५ साली त्यांनी सिलोन मुस्लिम स्कॉलरशिप फंड उभा केला. हुशार पण गरीब मुलाचं शिक्षण पैशावाचून अडू नये, ही साधी गोष्ट. इथवर आपलीही मजल गेलेली आहे. झकातीच्या पैशातून फी भरणारे ट्रस्ट आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि त्यांच्यावर शिकलेली माणसं मी रोज पाहतो. पुढचं पाऊल मात्र जबर होतं. फेब्रुवारी १९४८ मध्ये सिलोन स्वतंत्र झालं. गोरे साहेब गेले, त्यांच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, ज्येष्ठ देशी अधिकाऱ्यांसाठी वरच्या जागा भराभर खुल्या होत होत्या. नेमक्या त्याच वर्षी अझीझ यांनी सिव्हिल सर्व्हिसचा राजीनामा दिला आणि झाहिराचे प्राचार्य झाले. वय सदतीसच्या आत. तोवर शाळा टी. बी. जाया यांनी सव्वीस वर्षं वाढवलेली होती, ते मंत्रिमंडळात गेले होते. जिल्ह्याचा साहेब व्हायचं सोडून मास्तर होणारा माणूस. शिक्षकाच्या पेशात असल्यामुळे असेल, पण हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं आणि उठून अंगणात एक फेरी मारली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० साली, झाहिरातच त्यांनी वायएमएमए कॉन्फरन्सची स्थापना केली.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावतं ते हे. फंड झाला होता, देशातली सर्वांत नावाजलेली मुस्लिम शाळा हातात होती, मग आणखी तरुणांची संघटना कशासाठी? मी माझ्यापुरतं उत्तर असं लावतो. फंडामुळे मुलगा शाळेत पोचतो. शाळा त्याला अठराव्या वर्षापर्यंत सांभाळते. त्यानंतर फाटकाबाहेर तो एकटा असतो. आणि जो कधी फाटकाच्या आत आलाच नाही, तो तर आधीपासूनच एकटा. गावातल्या गावात संध्याकाळी चार समवयस्कांबरोबर बसता येईल, स्वतःचा सेक्रेटरी निवडता येईल, हिशेब लिहायला, सभा चालवायला, वाद घालून पुन्हा एकत्र चहा प्यायला शिकता येईल, अशी जागा शाळा देऊ शकत नाही आणि मशीदही एका मर्यादेपलीकडे देत नाही. गावोगाव अशी मंडळं आणि त्या सगळ्यांची मिळून एक कॉन्फरन्स, अशी ती रचना. कल्मुनैचा शेतकऱ्याचा मुलगा आणि कोलंबोच्या व्यापाऱ्याचा मुलगा एकाच संस्थेचे सभासद. पंच्याहत्तर वर्षं होऊन गेली, ती संस्था अजून चालू आहे. आमच्याकडची युवक मंडळं निवडणुकीच्या हंगामात उगवतात आणि निकालाबरोबर वाळून जातात.

मात्र याच ठिकाणी माझं मन दुभंगतंही. ख्रिस्ती तरुणांची वायएमसीए आली, मग बौद्ध तरुणांनी १८९८ साली वायएमबीए काढली, हिंदूंची वायएमएचए झाली, मुसलमानांची वायएमएमए. एकाच बेटावर चार धर्मांच्या चार तरुण संघटना, प्रत्येकीचा हॉल वेगळा, कॅरम बोर्ड वेगळा. त्या बेटाचं पुढे काय झालं ते जगानं पाहिलं. १९५० च्या दशकात राजभाषा ‘फक्त सिंहली’ असा नारा उठला. अझीझ तेव्हा सिनेटर होते. आपल्या पक्षानं ती भूमिका घेतल्यावर त्यांनी पक्ष सोडला. एवढ्यानं प्रवाह थांबणार नव्हता. १९७३ साली ते वारले, सरकार आणि तमिळ बंडखोरांमधलं युद्ध पेटायच्या दहा वर्षं आधी. ऑक्टोबर १९९० मध्ये त्यांच्या जन्मगावच्या मुसलमानांना ‘तमिळ वाघ’ म्हणवणाऱ्या एलटीटीईच्या बंडखोरांनी दोन तासांत घरं सोडून निघायला सांगितलं. तमिळ बोलणारी, तमिळ शाळांत शिकलेली ही माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली आणि पुत्तलमच्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिली. २०१९ च्या ईस्टरला चर्चमध्ये बॉम्ब फोडणारे मुसलमान तरुणच होते, आणि त्यानंतर दुकानं जळाली ती भलत्याच गरीब मुसलमानांची. मग मला प्रश्न पडतो, वेगवेगळ्या पाट्यांखाली तरुण वाढवून काय मिळवलं?

या प्रश्नाचं पूर्ण समाधान होईल असं उत्तर माझ्यापाशी नाही. पण अझीझ यांचं स्वतःचं आयुष्य त्या पाटीच्या आत कोंडलेलं नव्हतं, हे मी विसरू शकत नाही. ते हिंदू कॉलेजात शिकले. त्यांच्या काळातल्या झाहिरात तमिळ हिंदू मुलंही शिकली. पुढे तमिळचे नामांकित विद्वान झालेले कार्तिगेसु शिवतंबी त्यांच्यातलेच. आणि १९८० साली जाफना विद्यापीठानं या मुसलमान शिक्षकाला मरणोत्तर डी.लिट. दिली. त्याच शहरानं, जिथून दहा वर्षांनी त्याचे भाऊबंद हाकलले गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मला वाटतं, आपल्या माणसांसाठी काम करणं आणि आपल्या माणसांपुरतं मन ठेवणं यांत फरक करणारी पिढी ती होती. पुढच्या पिढ्यांना पाटी वारशात मिळाली, मनाचा तो मोठेपणा मिळालाच असं नाही.

कोकणातला माणूस हे सगळं वाचताना हमीद दलवाईंना बाजूला ठेवू शकत नाही. चिपळूणजवळचं मिरजोळी आमच्यापासून फार लांब नाही. १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायकांना घेऊन त्यांनी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा काढला, २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं, आणि १९७७ साली, पंचेचाळिशीही न गाठता गेले. माझ्या लहानपणी मोहल्ल्यात त्यांचं नाव मोठ्यानं घेत नसत. आज मी वर्गात घेतो. सुप्रीम कोर्टानं २०१७ साली तिहेरी तलाक रद्द ठरवला तेव्हा मला त्या सात बायका आठवल्या, ज्यांची नावंही आम्हाला कुणी शिकवली नाहीत. दलवाईंनी घरातलं दुखणं उघड्यावर आणलं आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. अझीझ समाजाच्या आत राहून माणसं जमवत गेले. दलवाईंचं धाडस मला अधिक मोठं वाटतं, आणि तरी गावातला अठरा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणला की अझीझ यांची रीत अधिक उपयोगाची वाटते. एकाची बाजू घ्यावी असं मला मनापासून कधी वाटलेलं नाही. मात्र एक खटकतं. लंकेत १९५१ चा मुस्लिम विवाह आणि तलाकचा कायदा बदला म्हणून तिथल्या बायका वर्षानुवर्षं दारं ठोठावताहेत. तरुणांच्या एवढ्या जुन्या, एवढ्या पसरलेल्या चळवळीचा खांदा त्यांच्या खांद्याला लागायला हवा होता, तर ही गोष्ट इतकी रेंगाळली नसती.

‘यंग मेन’ हा शब्द १९५० साली कुणाला खुपला नसेल. आज आमच्याकडे चित्र उलटं आहे. मुली शिकताहेत. सकाळच्या एसटीला पाहावं, बुरख्यातल्या, बिनबुरख्याच्या, पाठीला सॅक लावलेल्या आमच्या मुली तालुक्याच्या कॉलेजला निघालेल्या असतात. कुणी बी.एस्सी. करतेय, कुणी फार्मसी. त्यांच्याबरोबर दहावी झालेले मुलगे एजंटाच्या फोनची वाट पाहत नाक्यावर उभे असतात, किंवा आधीच विमानात बसलेले असतात. मग लग्नं जुळवताना आईबापांची जी तारांबळ उडते ती पाहून हसू येत नाही, पोटात कालवतं. शिकलेल्या मुलीला स्वतःच्या मनासारखं बोलायला जोडीदार मिळत नाही, आणि मुलाला बायकोपुढे कमीपणा वाटू नये म्हणून तो अधिकच कडक होतो. यावर शाळेत तास घेता येत नाही. यासाठी दोघांनाही, वेगवेगळं आणि एकत्रही, बसायला जागा हवी.

आमच्या जमातीच्या ऑफिसवर एक खोली आहे. लोखंडी कपाटात कुणीतरी देणगी दिलेली पुस्तकं, भिंतीला टेकवलेला कॅरम बोर्ड, एक मोडकं टेबल, खिडकीतून दिसणारी खाडी. किल्ली खजिनदारांकडे असते आणि खोली वर्षातून दोनदा उघडते, एकदा रमजानच्या आधी झाडायला आणि एकदा गुणगौरवाच्या ट्रॉफ्या ठेवायला. मी कमिटीपुढे विषय मांडला आहे. संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजनंतर रात्रीच्या इशाच्या नमाजपर्यंत खोली रोज उघडी ठेवायची. रोज एका मोठ्या माणसानं तिथं बसायचं, भाषण द्यायला नव्हे, नुसतं असायला. सुट्टीवर आलेल्या गल्फवाल्यांनी येऊन तिथलं खरं सांगायचं, पगार किती, खोलीत किती जण, इक्काम्याची, म्हणजे तिथं राहण्याच्या परवान्याची, भानगड काय, म्हणजे जाणारा डोळे उघडे ठेवून जाईल. ज्यांना शिकायचंय त्यांचे प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म तिथंच भरायचे. कारभार पोरांनीच पाहायचा, हिशेबाची वही त्यांच्याच हातात.

लाइटचं बिल आणि चहाला कमिटीची हरकत नाही. एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलीनं निरोप पाठवलाय की रविवारची सकाळ मुलींना द्या, आम्ही स्वतःच सगळं बघू. त्यावर दोन बुजुर्ग गप्प बसले, पण नाही म्हणाले नाहीत. घोडं अडलंय ते पाटीपाशी. खजिनदार म्हणतात, नावात ‘मुस्लिम’ हवंच, त्याशिवाय बाहेरगावची वर्गणी यायची नाही. त्यांचं खोटं नाही, वर्गणी त्यांनीच आजवर जमवली आहे, आणि ज्या अझीझ यांचं नाव मी त्यांना सांगतो त्यांनीही ते नावात घातलंच होतं. माझं म्हणणं, नाव काहीही द्या, पण भंडारवाडीतली आणि कुणबीवाडीतली पोरं आली तर दारात कुणी विचारणा करायची नाही, हे ठरावात लिहून घ्या. पुढच्या जुम्म्याला नमाजनंतर बैठक आहे. ठरावाचा मसुदा मी केला आहे, दोन सह्या मिळाल्यात, तिसरीसाठी उद्या पेशइमामांना भेटायचंय.